पानावर नसलेले चित्र

मराठी वृत्तपत्रांत आणि छापखान्यांत ‘पान लावणे’ हा शब्दप्रयोग संगणकाच्या आधीपासून रूढ आहे. शिशाचे खिळे, त्यांच्या ओळी, ओळींमधल्या पट्ट्या, रेघा आणि चित्रांचे ब्लॉक लोखंडी चौकटीत जुळवून घट्ट आवळणे एवढा त्याचा मूळ अर्थ होता. पुढे शिसे गेले, चौकट गेली, जुळारी गेले, तरी शब्द टिकला, आणि पडद्यावर माउसने मजकुराचे स्तंभ सरकवणारा डीटीपी ऑपरेटरही आज पानच लावतो. डीटीपी म्हणजे डेस्कटॉप पब्लिशिंग, अर्थात एका मेजावर, एकाच संगणकावर अक्षरजुळणी, मांडणी आणि छपाईपूर्व तयारी करण्याची पद्धत. या पद्धतीच्या चार दशकांच्या इतिहासात एक तक्रार सतत होत आली आहे: पानांत चित्रे वाढली की प्रणाली मंदावते, पान उलटताना पडदा थबकतो, फाइल जतन करताना चहा पिऊन येण्याइतका वेळ जातो. दोष बहुधा यंत्राच्या माथी मारला जातो. वस्तुतः या मंदपणाचे मूळ एका तडजोडीत आहे: पान लावताना पडद्यावर दिसते ते चित्र नव्हे, तर चित्राच्या जागी उभा केलेला प्रतिनिधी असतो, आणि मूळ चित्र दुसरीकडेच असते. प्रणाली केव्हा झपाट्याने चालली आणि केव्हा रखडली, हा बराचसा या प्रतिनिधीचाच इतिहास आहे.

चित्र आणि मजकूर यांची फारकत संगणकाने घडवली, असे मात्र नाही. व्हेनिसच्या आल्डस मनुटियसने १४९९ मध्ये छापलेल्या ‘हिप्नेरोटोमाकिया पोलिफिली’ या ग्रंथात लाकडात कोरलेले ठसे खिळ्यांच्या उंचीचे असल्यामुळे ते खिळ्यांच्या शेजारीच बसत आणि एकाच दाबात मजकुरासह उमटत. तेथे चित्र खरोखरच पानावर होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाफटोन पद्धत रूढ झाली, म्हणजे छायाचित्रातल्या करड्या छटा लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतरित करून त्या जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर कोरल्या जाऊ लागल्या, आणि तो पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणला जाऊ लागला. हा ब्लॉक अनेकदा वेगळा कारागीर, वेगळ्या जागी बनवत असे. ब्लॉक येईपर्यंत जुळारी त्याच्या मापाची जागा लाकडी पट्ट्यांनी भरून ठेवी आणि बाकीचे पान पुरे करी. जागा आधी आणि चित्र नंतर हा क्रम येथूनच सुरू झाला.

ऑफसेट मुद्रणाने ही फारकत पक्की केली. या पद्धतीत पानाचे छायाचित्र काढून फिल्म आणि फिल्मवरून प्लेट तयार होत असल्याने, मजकुराचे उतारे कागदावर चिकटवून जो आराखडा केला जाई, ज्याला मराठी मुद्रणव्यवसायात सरसकट पेस्टिंग म्हटले जात असे, त्यात छायाचित्राच्या जागी काळा किंवा लाल चौकोन लावला जाई. वापरातल्या फिल्मला लाल रंग काळाच दिसत असल्यामुळे निगेटिव्हवर तेथे पारदर्शक खिडकी उमटे आणि त्या खिडकीत वेगळी केलेली हाफटोन फिल्म चिकटवली जाई. मांडणीकाराला अंदाज यावा म्हणून चौकोनाऐवजी कधी चित्राची साधी झेरॉक्सवजा प्रत लावली जाई आणि तिच्यावर ‘केवळ जागेसाठी’ अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे ठळक लिहिलेली असत, जेणेकरून ती प्रत चुकूनही छापली जाऊ नये. ही खबरदारी सांगण्याजोगी आहे, कारण प्रतिनिधीच मूळ म्हणून छापला जाण्याची भीती पुढे संगणकावरही जशीच्या तशी आली.

जानेवारी १९८४ मध्ये बाजारात आलेल्या ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकामध्ये १२८ किलोबाइट स्मृती होती आणि त्याचा कृष्णधवल पडदा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा होता. त्याच वर्षी सिॲटल येथे पॉल ब्रेनर्ड यांनी काही सहकाऱ्यांसह नवी कंपनी काढली आणि व्हेनिसच्या त्या मुद्रकाच्या स्मरणार्थ तिचे नाव आल्डस ठेवले. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्दप्रयोगही ब्रेनर्ड यांचाच मानला जातो. कंपनीची पेजमेकर ही प्रणाली जुलै १९८५ मध्ये विक्रीला आली, तिला ५१२ किलोबाइट स्मृतीचा मॅकिंटॉश लागे आणि एका फाइलीत १६ पानांपलीकडे जाता येत नसे. त्याच वर्षी आलेल्या ॲपलच्या लेझररायटर या मुद्रकयंत्राची किंमत ६,९९५ डॉलर होती आणि त्यात दीड मेगाबाइट स्मृती होती, म्हणजे छापणारे यंत्र पान लावणाऱ्या यंत्राहून तिप्पट स्मृतीचे होते. हा विपर्यास अपघाती नव्हता. ॲडोबी कंपनीच्या जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी तयार केलेली पोस्टस्क्रिप्ट ही भाषा पानाचे गणिती वर्णन करते, म्हणजे कोणते अक्षर कोठे, केवढे, कोणत्या रेषेची जाडी किती हे शब्दांत सांगते, आणि त्या वर्णनातून प्रत्यक्ष ठिपके घडवण्याचे जड काम मुद्रकयंत्राकडे सोपवते. त्यामुळे पडद्यावर पानाची रूपरेषा दिसली तरी भागत होते.

मजकुरापुरती ही वाटणी सुखाची होती. छायाचित्राने ती बिघडवली. रंगीत छपाई निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाईंची असते आणि चांगल्या कागदावरच्या छपाईसाठी चित्रात इंचाला ३०० ठिपके लागतात असा व्यवसायातला संकेत आहे. त्या हिशेबाने ए-४ आकाराच्या एका पूर्ण पानाच्या चित्रात सुमारे २,४८० बाय ३,५०८, म्हणजे ८७ लाख ठिपके येतात, प्रत्येक ठिपक्याला चार शाईंचे चार बाइट धरले तर फाइल सुमारे ३५ मेगाबाइटची होते. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपी वापरायच्या तर अशा एका चित्राला पंचवीस फ्लॉपी लागतील, आणि सेकंदाला २३०.४ किलोबिट वाहून नेणाऱ्या ॲपलच्या जुन्या लोकलटॉक जाळ्यावर ते चित्र एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायला, तारेचा एक क्षणही वाया गेला नाही असे मानले तरी, वीस मिनिटे लागतील. याउलट त्या काळच्या पडद्याला इंचाला ७२ ठिपके पुरत. ३०० आणि ७२ यांतले अंतर लांबीला चौपटीहून थोडे अधिक आणि क्षेत्रफळाला सतरापट होते. म्हणजे पडद्यावर दाखवण्यासाठी संपूर्ण चित्र वाचणे हे सतरा भागांतले सोळा भाग वाचून फेकून देण्यासारखे होते.

पेजमेकरने या गणिताला दिलेले उत्तर पुढच्या सर्व प्रणालींनी उचलले. पानावर चित्र आणले की प्रणाली त्याची लहान प्रतिमा तयार करी, ती पानाच्या फाइलीत ठेवी आणि मूळ चित्राकडे जाणारा दुवा, ज्याला सर्वत्र लिंक असेच म्हटले जाते, तिच्यासोबत नोंदवी. लिंक म्हणजे मूळ फाइल कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या नावाने आहे आणि ती शेवटची केव्हा बदलली, यांची नोंद. चित्र पानाच्या फाइलीत पूर्णपणे सामावून घेण्याचीही सोय होती, पण ते २५६ किलोबाइटपेक्षा मोठे असेल तर पेजमेकर थांबून विचारी की एवढे चित्र फाइलीत भरायचे आहे काय. भारतातल्या हजारो ऑपरेटरांनी हा प्रश्न न वाचता ‘होय’ केलेले आहे आणि नंतर तीस पानांच्या पुस्तकाची फाइल का उघडत नाही म्हणून डोके धरलेले आहे.

प्रतिनिधी कोणी घडवायचा, या प्रश्नाची दोन उत्तरे त्या काळात शेजारी शेजारी नांदत होती. आल्डसने १९८६ मध्ये टिफ हे चित्रस्वरूप प्रसिद्ध केले, त्यात केवळ ठिपके असत आणि लहान प्रतिमा घडवण्याचे काम पान लावणाऱ्या प्रणालीवर पडे. त्यासाठी तिला एकदा तरी संपूर्ण फाइल वाचावी लागे. ईपीएस या स्वरूपात पोस्टस्क्रिप्टचे वर्णन आणि पडद्यासाठीची तयार लहान प्रतिमा अशा दोन्ही गोष्टी एकाच पाकिटात असत, त्यामुळे प्रणाली आतले वर्णन उघडून पाहतच नसे, बाहेरची प्रतिमा दाखवी आणि आतला ऐवज मुद्रकयंत्राकडे जसाच्या तसा धाडी. ईपीएस पडद्यावर खडबडीत दिसे, पण पान हलके राही. टिफ नीट दिसे, पण आणताना वेळ घेई. पानाच्या दृष्टीने ईपीएसची व्यवस्था अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल, कारण तिने पडदा आणि कागद एकच असल्याचा आव आणला नाही. कोडॅकने १९९२ मध्ये बाजारात आणलेल्या फोटो सीडीने याच विचाराला वेगळे वळण दिले: एकाच छायाचित्राच्या १९२ बाय १२८ पासून ३,०७२ बाय २,०४८ ठिपक्यांपर्यंतच्या पाच आवृत्त्या एकत्र साठवायच्या आणि ज्याला जेवढी हवी तेवढीच त्याने वाचायची. फोटो सीडी फार टिकली नाही, पण कल्पना शहाणपणाची होती.

मोठ्या छपाईपूर्व संस्थांनी प्रतिनिधीची पद्धत कारखानदारीच्या पातळीवर नेली. एफी अराझी यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या इस्राएलमधील सायटेक्स कंपनीच्या रंगपृथक्करण यंत्रणा अतिशय महाग असत आणि अवजड चित्रे हाताळण्याचे सामर्थ्य अशा यंत्रणांकडेच होते. मेजावरचा मॅकिंटॉश त्यापुढे खेळण्यासारखा होता. तेव्हा असा मार्ग निघाला की स्कॅनरवरून आलेले मोठे चित्र संस्थेच्या सर्व्हरवरच राहावे, मांडणीकाराकडे फक्त त्याची लहान प्रत जावी, त्याने तीच कापावी, फिरवावी, लहानमोठी करावी, आणि पान फिल्मवर उतरण्याच्या क्षणी यंत्रणेने लहान प्रत काढून मोठी बसवावी. सायटेक्सच्या या पद्धतीचे नावच ‘स्वयंचलित चित्रबदल’ अशा अर्थाचे होते; आल्डसने तिला समांतर असा ओपीआय नावाचा खुला संकेत तयार केला, ज्यात चित्राचे नाव, काप आणि मोजमाप पोस्टस्क्रिप्ट फाइलीत शेऱ्यांच्या रूपाने लिहिले जाई. क्वार्क या कंपनीने रूढ केलेल्या डीसीएस पद्धतीत तर एका चित्राच्या पाच फाइली होत, चार शाईंच्या चार आणि पाचवी केवळ पडद्यावर दिसणारी, जिच्यात उरलेल्या चौघींचा पत्ता असे. त्या चौघींपैकी एक जरी मागे राहिली तरी त्या शाईची फिल्म कोरी येई किंवा भलतेच काही येई. वेग मिळवण्यासाठी चित्र जितके दूर ठेवले, तितका ते हरवण्याचा धोका वाढला. या क्षेत्रातल्या प्रत्येक उपायाने हीच किंमत मोजली आहे.

डेन्व्हरच्या क्वार्क कंपनीची क्वार्कएक्सप्रेस ही प्रणाली १९८७ मध्ये आली आणि नव्वदीच्या दशकात पाश्चात्य मासिकांची आणि वृत्तपत्रांची कार्यालये तिने काबीज केली. तिच्या चपळपणाची ख्याती मोठी होती. त्यात रचनेचे कौशल्य होतेच, पण काही वाटा तिच्या कंजूषपणाचाही होता, कारण ती टिफ चित्राची प्रतिमा इंचाला ७२ ठिपक्यांचीच करी, आणि आणताना शिफ्टची कळ दाबून धरली तर ३६ ठिपक्यांवर उतरवी. पान मोठे करून पाहिले की चित्राचे चौकोनी तुकडे दिसत, चेहऱ्याच्या कडेने मजकूर वळवायचा तर कड नेमकी कोठे आहे याचा अंदाजच बांधावा लागे. अतिलहान अक्षरांऐवजी करड्या पट्ट्या दाखवण्याची सोयही तिच्यात होती आणि पेजमेकरमध्येही होती. मजकुराचासुद्धा प्रतिनिधी असू शकतो, हे या सोयीवरून दिसते. मूळ चित्र पूर्ण तपशिलासह पाहण्याची सोय क्वार्कएक्सप्रेसमध्ये २००३ च्या सहाव्या आवृत्तीत आली, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर सोळा वर्षांनी.

महाराष्ट्रात मात्र राज्य पेजमेकरचे होते, आणि तेही मॅकिंटॉशवर नव्हे तर बहुतांशी विंडोजवर. त्याचे कारण लिपीत होते. भारतीय लिपी संगणकावर आणणारे, आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकने, ज्याची स्थापना १९८८ मध्ये झाली, पुढे वाढवले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी घरोघरीच्या डीटीपी केंद्रांत पोहोचली. या प्रणालींचे फॉन्ट रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे अवयव बसवत, काना एका घरात, अर्धा स दुसऱ्यात, त्यामुळे देवनागरीची जाण नसलेल्या पेजमेकरलाही मराठी पान लावता येई. संगणकाच्या लेखी ते पान इंग्रजीच होते. म्हणूनच आपल्याकडच्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे फिल्म काढून देणाऱ्या केंद्रात, फाइल उघडताना दोन वस्तू हरवण्याची शक्यता असे: फॉन्ट आणि चित्र. फॉन्ट नसेल तर पेजमेकर अक्षरांच्या ठेवणीचे वर्गीकरण करणाऱ्या पॅनोज पद्धतीने पर्यायी फॉन्ट सुचवी, आणि तो रोमन असल्यामुळे अग्रलेखाच्या जागी चिन्हांचा कचरा दिसे. हा दोष निदान डोळ्यांत भरे. चित्राची लिंक तुटली तर लहान प्रतिमा मुकाट्याने जागेवर उभी राही, पडद्यावर सर्व काही यथास्थित भासे आणि छापील पानावर मात्र संपादकांचा चेहरा विटांच्या भिंतीसारखा चौकोनी येई.

तुटण्याचे कारण बहुधा क्षुल्लक असे. ऑपरेटरच्या संगणकावर चित्र डी ड्राइव्हच्या एखाद्या फोल्डरमध्ये असे, फ्लॉपीवर किंवा पुढे सीडीवर फाइल नेताना फक्त पानांची फाइल जाई, आणि प्रोसेस हाउसच्या संगणकावर तो फोल्डर मुळातच नसे. यावर मराठी व्यवसायाने शोधलेला मार्ग पुस्तकी नव्हता. अनेक पुस्तकांच्या बाबतीत मजकूर लेझर प्रिंटरवरून ट्रेसिंग कागदावर उलटा काढला जाई, छायाचित्रांच्या जागी रिकामी चौकट ठेवली जाई, आणि छायाचित्रांच्या पॉझिटिव्ह फिल्म वेगळ्या करून त्या जागी हाताने चिकटवल्या जात. दिवाळी अंकांच्या जाहिराती तर कितीदा तयार फिल्मच्या रूपानेच येत, त्यांच्या जागा पानांवर केवळ मापाने राखलेल्या असत. ज्या कामासाठी अन्यत्र ओपीआय सर्व्हर विकत घेतले जात होते, तेच काम येथे पेस्टिंग करणारा कारागीर चिकटपट्टी आणि कटर घेऊन करीत होता. त्याला मागासलेपणा म्हणण्याचे कारण नाही. चाळीस मेगाबाइटच्या हार्ड डिस्कवर पस्तीस मेगाबाइटचे चित्र ठेवण्यापेक्षा ते न ठेवणे हा पूर्णपणे तर्कशुद्ध निर्णय होता.

जे चित्रांसह पान लावत, त्यांच्यासाठी पेजमेकरने आणखी काही उपाय ठेवले होते. चित्रे पडद्यावर करड्या चौकोनांत दाखवावीत, साधारण दाखवावीत की पूर्ण तपशिलासह, असा तिहेरी पर्याय त्याच्या पसंतीच्या चौकटीत होता. करडा चौकोन म्हणजे पेस्टिंगमधला तोच जुना काळा चौकोन, केवळ रंग फिका. तेथेच फाइल जतन करण्याचे ‘झटपट’ आणि ‘लहान’ असे दोन प्रकार होते. झटपट प्रकारात नवे बदल जुन्या फाइलीच्या शेपटीला जोडले जात आणि काढून टाकलेला मजकूर, बदललेली प्रतिमा हे सारे आतच पडून राही, त्यामुळे प्रत्येक जतन लवकर होई पण महिनाभरात फाइल इतकी फुगे की उघडणेच जड जाई. अशा वेळी ‘सेव्ह ॲज’ ही आज्ञा वापरून फाइल नव्या नावाने लिहिली की ती निम्म्याने खाली येई. डीटीपी शिकवणाऱ्या वर्गांत हा उपाय मंत्रासारखा सांगितला जात असे, त्यामागचे कारण मात्र क्वचितच सांगितले जाई.

ॲडोबीने १९९४ मध्ये आल्डस विकत घेतली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये इनडिझाइन बाजारात आणले. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची आहे. मराठी व्यवसायाने ती त्यानंतर दशकाहून अधिक काळ वापरली, कारण इनडिझाइनला मराठीसह दहा भारतीय भाषांची अक्षरजुळणी नीट जमू लागली ती २०१२ च्या सीएस-६ या आवृत्तीपासून. इनडिझाइनच्या सुरुवातीच्या आवृत्त्या त्या काळच्या यंत्रांना जड गेल्या. इनडिझाइनने पडद्यावर अधिक खरे चित्र दाखवण्याचे ठरवले होते, आणि खरेपणाला वेळ लागतो. २००२ च्या दुसऱ्या आवृत्तीत पारदर्शकता आली, म्हणजे एका चित्रावर दुसऱ्याची सावली किंवा विरळ थर टाकण्याची सोय, आणि त्याबरोबर एक मूलगामी बदल झाला: आता पडद्यावरचा एक ठिपका ठरवण्यासाठी एकाच चित्राकडे पाहून चालेना, एकावर एक असलेले सर्व थर मोजावे लागू लागले. एकमेकांना झाकणारी चित्रे पूर्वी सुटी होती, आता ती परस्परांवर अवलंबून झाली. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरची एक मऊ सावली संपूर्ण पानाचा पुनर्हिशेब करायला लावते, हे ऑपरेटरला दिसत नाही. त्याला फक्त पडदा थांबलेला दिसतो.

इनडिझाइननेही दर्शनाचे तीन स्तर ठेवले: वेगवान, ज्यात चित्राच्या जागी करडा चौकोन दिसतो, सर्वसाधारण, ज्यात फाइलीत साठवलेली लहान प्रतिमा दिसते, आणि उच्च दर्जा, ज्यात मूळ फाइल उघडून वाचली जाते. मंदपणाची निम्मी प्रकरणे तिसऱ्या स्तरावर सुरू होतात, हे व्यवसायातल्या जुन्या लोकांना ठाऊक असते, आणि तरीही तो स्तर सर्वांना हवा असतो, कारण ग्राहक शेजारी खुर्ची ओढून बसलेला असतो आणि त्याला चित्र ‘फाटलेले’ का दिसते हे समजावणे यंत्र थांबण्यापेक्षा कठीण जाते. दुसरे मोठे कारण कॅमेऱ्यांनी पुरवले. ६,००० बाय ४,००० ठिपक्यांचे छायाचित्र जेपेग स्वरूपात डिस्कवर आठ-दहा मेगाबाइटच भरते, पण पडद्यावर काढण्यासाठी ते उलगडले की स्मृतीत ७२ मेगाबाइट होते. तेच छायाचित्र पाच सेंटिमीटर रुंदीच्या स्तंभात बसवले तर इंचाला तीन हजारांहून अधिक ठिपके पडतात, म्हणजे छपाईला लागतात त्याच्या सुमारे शंभरपट ठिपके एवढ्याशा जागेत कोंबलेले असतात. लेखकांच्या फोटोंनी भरलेल्या एखाद्या विशेषांकात अशी साठ-सत्तर चित्रे सहज असतात. फोटोशॉपमध्ये ती मापात आणून पुन्हा जोडणे हा सर्वांत जुना, सर्वांत कंटाळवाणा आणि अजूनही सर्वांत गुणकारी उपाय आहे.

तिसरे कारण लिंकच्या स्वभावातच आहे. दुवा म्हणजे वचन असल्यामुळे प्रणालीला ते पुन्हा पुन्हा तपासावे लागते: फाइल उघडताना प्रत्येक मूळ चित्र जागेवर आहे काय, त्याची तारीख बदलली आहे काय, हे पाहिले जाते. चित्रे त्याच संगणकावर असतील तर ही चौकशी क्षणात होते. ती कार्यालयाच्या सर्व्हरवर असतील तर प्रत्येक चित्रामागे जाळ्यावर एक फेरी होते, आणि सर्व्हरचे नाव बदलले असेल किंवा तो बंद असेल तर प्रणाली उत्तराची वाट पाहत बसते. २००८ च्या सीएस-४ आवृत्तीत पान लावत असतानाच दोष शोधणारी तपासणी आली, जी तुटलेल्या लिंक, चुकीचा रंगप्रकार, कमी ठिपक्यांचे चित्र हे सारे सतत न्याहाळते. प्रोसेस हाउसमधल्या कितीतरी रात्रींचा पश्चात्ताप या सोयीने वाचवला, पण शेकडो चित्रांच्या ग्रंथात ती स्वतःच भार होते. म्हणून जाणकार मांडणीकार काम चालू असताना ती बंद ठेवतात आणि शेवटी एकदा चालवतात, उघडतानाची लिंकतपासणी पसंतीच्या चौकटीतून काढून टाकतात, पानांच्या फलकातली लघुचित्रे बंद करतात आणि चित्रांचा फोल्डर काम संपेपर्यंत स्वतःच्या डिस्कवर आणून ठेवतात. फुगलेल्या फाइलीसाठी ‘सेव्ह ॲज’ आहेच. त्यानेही भागले नाही तर त्याच सीएस-४ पासून उपलब्ध असलेल्या आयडीएमएल या स्वरूपात, म्हणजे पानाच्या लिखित वर्णनात, फाइल बाहेर काढून पुन्हा उघडली की आत साचलेली जुनी मोडतोड गळून पडते. त्यातली कल्पना पोस्टस्क्रिप्टचीच आहे: वस्तू न ठेवता तिचे वर्णन ठेवायचे.

यंत्रांच्या बाजूनेही बदल झाले. २०१० च्या सीएस-५ मध्ये चित्र ओढत असताना ते लगेच पुन्हा काढावे, थांबून काढावे की काढूच नये हे ठरवता येऊ लागले. २०१३ च्या आवृत्तीत इनडिझाइन ६४ बिटांचे झाले, त्यामुळे स्मृतीची जुनी, सुमारे चार गिगाबाइटची मर्यादा सुटली. २०१५ मध्ये मॅकवर चित्रे काढण्याचे काम आलेखनासाठीच्या स्वतंत्र चिपकडे देण्याची सोय आली. तरी १९८५ ची रचना बदललेली नाही. फ्रान्झ श्मिड यांनी सुरू केलेल्या स्क्राइबस या मुक्त प्रणालीतही चित्र लिंकनेच जोडले जाते आणि पूर्ण, साधारण व कमी अशा तीन दर्जांत दाखवले जाते.

या रचनेचा परिणाम जुन्या संग्रहांत दिसतो. नव्वदीच्या दशकातल्या अंकांची पेजमेकर फाइल सीडीवरून सुखरूप उतरते, फॉन्ट मिळाला तर मजकूरही वाचता येतो, आणि लिंकच्या यादीत प्रत्येक चित्रासमोर डी ड्राइव्हवरचा एक पत्ता दिसतो, जो ड्राइव्ह, जो फोल्डर आणि बहुधा जो संगणकही आता अस्तित्वात नाही. मूळ स्कॅन पुढच्या अंकासाठी डिस्क रिकामी करताना पुसलेला असतो, फिल्म रद्दीत गेलेली असते, छायाचित्राची कागदी प्रत लेखकाला परत केलेली असते. फाइलीत उरते ती केवळ जागेसाठी ठेवलेली, इंचाला ७२ ठिपक्यांची, टपाल तिकिटाएवढ्या आकारातच ओळखू येणारी प्रतिमा, आणि एखाद्या दिवंगत लेखकाचे ते छायाचित्र दुसरीकडे कोठेही सापडले नाही तर नव्या पुस्तकात तीच छापली जाते.